उन्हाचा दर

फळ्यावर खडूनं लिहिलं होतं:
सोमवारपासून भट्टी सकाळी आठला.
खाली सही, तारीख.
कारण काहीच नाही.

सत्तावीस वर्षं मी शिरोलीत रात्रपाळी केली.
रात्री वीज स्वस्त, म्हणून लोखंड रात्री,
म्हणून मी रात्री.
एवढं सरळ होतं.

हेर्लेकर साहेब टपरीवर म्हणाले,
दुपारी वीज उतू चाललीय, मगदूम.
छपरं म्हणू नका, माळ म्हणू नका, सगळीकडं पॅनेलं.
बाराच्या उन्हाला गिऱ्हाईक मिळंना, म्हणून दर पाडलाय.
मला मार्केट यार्डातली कोथिंबीर आठवली,
उशिरा गेलं की दहाला चार जुड्या.

अंधारात लोखंड बोलायचं.
आधी केशरी, मग हळदी,
मग ती एक पांढरट थरथर,
दूध वर यायच्या आधीची.
तेव्हा मी हात वर करायचो आणि ओतकाम सुरू.
आता पत्र्याच्या फटीतनं ऊन येतं
आणि रंगात पाणी घालतं.
डिप्लोमावाला ऋतुराज नळी बुडवतो, आकडा वाचतो.
त्याच्या आधी मी मनात सांगून बघतो.
कधी वीस अंशांनी चुकतो.
कधी नाही. ते मी कुणाला सांगत नाही.

आवारात, जिथं पूर्वी कोकचा ढीग असायचा,
तिथं आता एक पांढरी पेटी आहे, ट्रकच्या हौद्याएवढी.
दिवसभर ऊन पिते,
संध्याकाळी दर चढला की सोडते.
उद्यमनगरातले दस्तगीरचाचा मुद्दाम बघायला आले.
चाळीस वर्षं त्यांनी बॅटऱ्यांना पाणी पाजलं,
ॲसिडनं त्यांच्या प्रत्येक सदऱ्याची चाळण केली.
पेटीला हात लावून म्हणाले,
वास न्हाई, बुडबुडा न्हाई.
हिचं दुखणं कळायचं कसं?
आम्ही सगळे गप्प.
आत पंखा तेवढा घुमत होता.

पेपरात येत असतं,
कुठं कोळशाच्या खाणी मिटल्या,
कुठल्या मिठाच्या वाळवंटातनं लिथियम उपसतात,
कुठल्या देशात कंदिलावरनं थेट पॅनेलवर उडी मारली.
असेल.
माझ्यापर्यंत ते झोपेच्या बाजूनं आलं.

नोव्हेंबरात किरणोत्सव.
इतकी वर्षं त्या वेळेला मी झोपेत. यंदा गेलो.
मावळतीचं ऊन महाद्वारातनं आत शिरलं,
उंबरा, मग चांदीचा उंबरा,
अंबाबाईचे पाय, गुडघे,
आणि तिथनं मागं फिरलं.
शेजारचा माणूस घड्याळात बघून मिनिटं टिपत होता,
कालच्यापेक्षा कमी की जास्त.
आमच्या गावाला ऊन मोजायची सवय जुनीच.

घरी शालन अजून रात्री नऊला डबा भरते.
मग हसते, आणि तोच डबा ताटात पालथा करते.
पलंगावर ती तिरकी झोपते.
तिचा दोष नाही, एवढ्या वर्षांचा कोन आहे.
मी कडेला मावतो.
तीनला डोळे टक्क उघडतात.
गच्चीवर जाऊन बसतो.
जमादारांच्या छपरावर पॅनेलं दवात भिजलेली,
रंकाळ्यातनं नुकत्याच वर आलेल्या म्हशींसारखी
काळी, चकचकीत, स्वस्थ.
त्यांनाही या वेळेला काम नसतं.

परवा सकाळी चहा ठेवता ठेवता शालन म्हणाली,
तुम्ही घोरताय की ओ.
लई मोठ्यानं. फरशीवरनं पत्रा ओढल्यागत.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली.
सुट्टीच्या रात्रीसुद्धा मी जागाच असायचो.

कवापासनं? मी विचारलं.
मला काय म्हाईत, ती म्हणाली,
आणि आलं ठेचत राहिली.